शिक्क्यातले 'फ' मोजताना

युद्धकाळातल्या सोव्हिएत छायाचित्राच्या पाठीवर क्रास्नोगोर्स्कच्या अभिलेखागाराचा शिक्का असेल, तर आधी संस्थेच्या रशियन आद्याक्षरांतले 'फ' मोजावेत. मॉस्कोजवळच्या या संस्थेचा उगम 1926 सालचा. 1967पर्यंत तिथे चित्रपट आणि छायाचित्रांच्या जोडीने ध्वनिमुद्रणंही जपली जात, म्हणून आद्याक्षरांत 'फ' दोनदा येई, एक 'फोटो'चा आणि एक 'फोनो'चा. ध्वनीचं अभिलेखागार वेगळं झालं आणि एकच 'फ' उरला. 1992मध्ये सुरुवातीचं 'त्स', म्हणजे 'केंद्रीय', जाऊन तिथे रशियाचा 'र' आला. हा 'र' इंग्रजी 'पी'सारखा दिसतो, आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

वृत्तसंस्थांचे शिक्केही असेच कालखंड सांगतात. जर्मन आक्रमणानंतर दोनच दिवसांनी, 24 जून 1941 रोजी, सोव्हिएत माहिती ब्युरो स्थापन झाला. 1961मध्ये त्याची जागा नोवोस्ती संस्थेने घेतली. स्टालिनग्राडच्या फोटोमागे नोवोस्तीचा शिक्का दिसला म्हणून फोटो खोटा ठरत नाही. निगेटिव्ह युद्धातलं असू शकतं, शिक्का मात्र 1961नंतरचा.

आकड्यांआधी 'फ.', 'ओप.', 'येद. ख्र.' अशी अक्षरं असली, तर ते फोंड, ओपिस आणि येदिनीत्सा ख्रानेनिया: संग्रह, त्याची यादी आणि यादीतला एकेक जपलेला गठ्ठा. पेशवे दफ्तरातले रुमाल हाताळलेल्यांना ही उतरंड परकी वाटणार नाही. इथला 'फ' अर्थात फोटोचा नव्हे.

मॉस्कोच्या सरकारी अभिलेखागारातला फोंड 7021 दिसला की मी सावकाश वाचायला लागतो. नाझी गुन्ह्यांच्या चौकशीसाठी 2 नोव्हेंबर 1942 रोजी नेमलेल्या विशेष आयोगाचा तो संग्रह. त्यातलं छायाचित्र पुरावा म्हणून जपलेलं असतं. पण या आयोगाच्याच किएव्ह अहवालाच्या मसुद्यात 'यहुदी' असा शब्द होता, आणि 1944मध्ये अहवाल छापला गेला तेव्हा तिथे 'शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक' असं आलं. किएव्हमधल्या बाबी यार दरीत नाझींनी मारलेले यहुदी त्या शब्दांआड गेले.

सोव्हिएत छायाचित्रकार द्मित्री बाल्टरमान्त्स यांनी जानेवारी 1942मध्ये क्रिमियातल्या केर्चजवळ टिपलेलं 'शोक' हे छायाचित्रही असंच. जवळच्या बागेरोव्होच्या खंदकात मारले गेलेले बहुतेक यहुदी होते, पण सोव्हिएत मजकुरात ते सहसा फक्त 'नागरिक' म्हणून येतात. त्या चित्रातले दाटून आलेले ढगही नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून बसवलेले, तेव्हा असे ढग असलेली प्रत युद्धकाळातली मानता येत नाही.

अशा पाठीवरचा मजकूर मराठीत उतरवताना मी गावाचं नाव आणि तारीख आधी लिहून घेतो. 'नागरिक' या शब्दापाशी आलो की थांबतो, आणि त्या गावात त्या महिन्यात कोणाला मारलं गेलं होतं ते शोधतो.