परात्मता आणि प्रमाणकशून्यता: दुखणं एकसारखं, निदान उलटं

‘आधुनिक माणूस गर्दीत एकटा पडला आहे, कामात त्याचं मन लागत नाही, कशालाच अर्थ उरलेला नाही.’ या वाक्यापुढे ‘यालाच परात्मता म्हणतात’ असं लिहिलं तरी खपून जातं, आणि ‘यालाच प्रमाणकशून्यता म्हणतात’ असं लिहिलं तरी कुणी हरकत घेत नाही. समाजशास्त्र शिकणारे पहिल्या वर्षी या दोन शब्दांची अदलाबदल करतात. लेख-भाषणांतून तर त्यांचे अनुक्रमे इंग्रजी प्रतिशब्द ‘एलिएनेशन’ आणि ‘अ‍ॅनोमी’ जोडशब्दासारखे येतात. खरं तर ते शेजारी बसवावेत असे शब्द नाहीत. परात्मता मांडणाऱ्या मार्क्सला जो रोग वाटतो, त्याच्या जवळपासचंच काहीतरी प्रमाणकशून्यता मांडणारा दुर्खीम औषध म्हणून देतो.

परात्मता ही कार्ल मार्क्सची कल्पना. शब्द त्याला हेगेल आणि फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञांकडून मिळाला, पण 1844 साली पॅरिसमध्ये लिहिलेल्या टिपणांत त्यानं तो देवाधर्माच्या चर्चेतून काढून थेट कारखान्यात नेला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं: कामगार जी वस्तू घडवतो ती त्याची राहत नाही, तो जितकं जास्त घडवतो तितकी परक्याची ताकद वाढते आणि तीच त्याच्यावर स्वार होते. घडवण्याची क्रियाही त्याची नसते, कारण ती तो पोटासाठी, दुसऱ्याच्या हुकमावर करतो. म्हणून काम संपल्यावरच त्याला आपण आपल्या घरी आहोत असं वाटतं, आणि सक्ती उठली की तो त्या कामापासून प्लेगपासून पळावं तसा पळतो. तिसरं तुटलेपण माणूसपणापासूनचं. गरज नसतानाही, सौंदर्याच्या ओढीनं काही घडवणं हे मार्क्सच्या मते माणसाचं वैशिष्ट्य; तेच इथे जगण्याचं निव्वळ साधन होऊन बसतं. आणि चौथं, माणूस माणसाला परका होतो.

एक गोष्ट हमखास निसटते. परात्मता ही भावना नाही, स्थिती आहे. पगारावर खूश असलेला, सोमवारी हसत कामावर जाणारा माणूसही मार्क्सच्या हिशेबात परात्म असू शकतो. इतकंच काय, 1845 मध्ये आपला मित्र एंगेल्सबरोबर छापलेल्या ग्रंथात त्यानं मालकवर्गालाही त्याच परात्मतेत बसवलं. फरक एवढाच की मालकाला ती मानवते, त्यात त्याला आपलं सामर्थ्य दिसतं.

आता फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम. अ‍ॅनोमी हा शब्द त्याच्या आधी ज्याँ-मारी ग्युयो या फ्रेंच विचारवंतानं 1885 मध्ये वापरला होता, आणि तोही कौतुकानं: बाहेरून लादलेल्या नीतिनियमांतून सुटलेली, ज्याची त्यानं घडवलेली नीती, असा त्याचा अर्थ होता. दुर्खीमनं शब्द घेतला आणि अर्थ उलटा केला. त्याच्या लेखी नियमातून सुटणं हीच आपत्ती होती. 1893 च्या श्रमविभागणीवरील ग्रंथात अ‍ॅनोमी म्हणजे उद्योग झपाट्यानं वाढले, पण मालक-मजूर, उत्पादक-ग्राहक यांच्या संबंधांचे नियम मागे राहिले, अशी अवस्था. 1897 च्या आत्महत्येवरील अभ्यासात तो आणखी खोल गेला.

तिथलं त्याचं निरीक्षण आजही चकित करतं. आर्थिक मंदीत आत्महत्या वाढतात हे कुणालाही पटेल. दुर्खीमनं दाखवलं की अचानक आलेल्या भरभराटीतही त्या वाढतात. 1870 नंतर एकसंध झालेल्या इटलीत व्यापार वाढला, मजुरी वाढली, आणि त्याबरोबर आत्महत्याही. याचा अर्थ दुखणं गरिबीचं नाही. उलट गरिबी स्वतःच एक आवर असते, असं तो म्हणतो. दुखणं आहे मोजपट्टी मोडण्याचं. आपल्यासारख्यानं किती मिळवावं, किती मिळालं की पुरे म्हणावं, हे एकटा माणूस ठरवू शकत नाही. ते समाज ठरवून देतो. परिस्थिती एका झटक्यात वर गेली किंवा खाली आली की जुनं माप निकामी होतं आणि नवं तयार व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात इच्छांना काठच उरत नाही. दुर्खीम याला अनंताचं दुखणं म्हणतो. व्यापार-उद्योगात तर ही अवस्था कायमचीच झाली आहे, असंही तो बजावतो.

आता दोघांना समोरासमोर बसवा. मार्क्सचा माणूस मुळात घडवणारा, फुलणारा. त्याला बाहेरच्या सत्तेनं जखडलं आहे. दुर्खीमचा माणूस मुळात अतृप्त. त्याला बाहेरच्या नैतिक सत्तेनं सावरलं नाही तर तो स्वतःलाच खाऊन टाकेल. स्टीव्हन ल्यूक्स या अभ्यासकानं 1967 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: या दोन संकल्पनांच्या तळाशी मनुष्यस्वभावाच्या दोन परस्परविरोधी कल्पना आहेत. म्हणून मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते. समोरच्या दुखण्यावर नियम वाढवून उतार पडेल, की ते आणखी चिघळेल? उतार पडणार असेल तर तुम्ही दुर्खीमच्या भाषेत बोलताय. चिघळणार असेल तर बहुधा मार्क्सच्या.

मग सुरुवातीच्या वाक्यातला ‘गर्दीत एकटा’ माणूस कुणाचा? गंमत म्हणजे तो या दोन्ही खणांत नीट बसत नाही. दुर्खीमनं नियमन आणि एकात्मता असे दोन वेगळे धागे मानले होते. नियम सुटले तर प्रमाणकशून्यता; माणसांशी जोडणारे बंध सुटले तर त्याचं नाव ‘अहंकेंद्री’ अवस्था. एकटेपणा हा त्या दुसऱ्या धाग्याचा प्रश्न. भरल्या घरात, मित्रांच्या गराड्यात असलेला माणूसही प्रमाणकशून्यतेत गटांगळ्या खात असू शकतो.

आणि मार्क्सचा कामगार? ज्याचा प्रत्येक तास दुसऱ्यानं बांधून टाकलाय, त्याला दुर्खीमच्या चौकटीत जागा कुठे? जागा आहे, पण तळटीपेत. अहंकेंद्री, परार्थी (समूहासाठी जीव देणं) आणि प्रमाणकशून्य या तीन प्रकारांनंतर दुर्खीमनं आत्महत्येचा चौथा, दैववादी प्रकार नोंदवला: नियमांचा अतिरेक, भविष्याची वाट निर्दयपणे बंद. गुलामांचं उदाहरण दिलं, आणि आजच्या काळात याला फारसं महत्त्व नाही म्हणून विषय मिटवला. मला दुर्खीमच्या साऱ्या लेखनात ही तळटीप सर्वांत बोलकी वाटते. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की ‘सक्तीची श्रमविभागणी’ या नावाखाली त्यानं लादलेल्या विषम कामवाटपावर आधी टीका केली होती. तिथे तो मार्क्सच्या बराच जवळ येतो.

या दोन विचारांचा सामना मात्र झालाच नाही. मार्क्सची 1844 ची टिपणं छापून आली ती 1932 मध्ये, आणि दुर्खीम 1917 मध्येच वारला होता. त्यानं ती वाचलेली असणं शक्यच नव्हतं. घोळ झाला तो पुढे अमेरिकेत, प्रश्नावल्यांच्या जमान्यात. लिओ स्रोल यानं 1956 मध्ये व्यक्तीची प्रमाणकशून्यता मोजण्याची श्रेणी मांडली. 1959 मध्ये मेल्विन सीमन यानं परात्मतेचे पाच अर्थ लावले: हतबलता, निरर्थकता, प्रमाणकशून्यता, एकाकीपण आणि स्वतःपासूनचा दुरावा. पाहा, दुर्खीमची संकल्पना मार्क्सच्या पोटात तिसऱ्या क्रमांकाला जाऊन बसली! मोजमापासाठी हे सोयीचं होतं. पण समाजाच्या रचनेबद्दलची दोन विधानं त्या सोयीपायी माणसाच्या मनःस्थितीची दोन नावं होऊन गेली.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनची अ‍ॅनोमी आणखी निराळी. 1938 च्या त्याच्या मांडणीत समाज यशाचं ध्येय सर्वांपुढे ठेवतो, पण तिथवर जाण्याचे रीतसर मार्ग सर्वांना देत नाही. म्हणून काही जण आडवाटा शोधतात. इथे इच्छा माणसाच्या पोटातून उसळत नाहीत, समाजच त्या शिकवतो. शब्द दुर्खीमचा, पण माणूस त्याचा नव्हे.

ॲपवर काम करणारा चालक घ्या. रस्ता, वेग, कोणतं भाडं घ्यायचं, सगळं ॲप ठरवतं आणि त्याच्या श्रमातून साठलेली माहिती कंपनीची होते: ही परात्मता. त्याच वेळी दर रातोरात बदलतो, गुण कसे मोजले जातात ते कळत नाही, दिवसाचं रास्त काम किती याला माप नाही: ही प्रमाणकशून्यता. म्हणजे दोन्ही एकाच माणसावर एकाच वेळी कोसळू शकतात, पण उपाय वेगळे निघतात. चालकांची संघटना दर आणि तास ठरवून घ्यायला भांडते तेव्हा ती दुर्खीमच्या वाटेवर असते. श्रमविभागणीवरील ग्रंथाच्या 1902 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं अशा व्यावसायिक संघांवरच भिस्त ठेवली होती. तेच चालक स्वतःच्या मालकीचं सहकारी ॲप उभं करतात तेव्हा ते मार्क्सकडे सरकतात. मात्र पूर्ण समाधान मार्क्सचंही झालं नसतं. सहकारी कारखान्यांचं महत्त्व मानूनही त्यानं नोंदवून ठेवलं होतं की तिथे कामगार मिळून आपलेच भांडवलदार होतात.