अशोकाच्या लेखांतील प्राणिदयेची पार्श्वभूमी

बुद्धकाळात मगधात मोठे पशुयज्ञ होत. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या कूटदन्त सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, खाणुमत गावचा ब्राह्मण कूटदन्त अशाच यज्ञाची तयारी करतो. शेकडो बैल, गोऱ्हे, बोकड, मेंढे बळीसाठी आणलेले असतात. बुद्ध त्याला महाविजित राजाची कथा सांगतात. त्या राजाने शेतकऱ्यांना बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल, सेवकांना वेतन दिले आणि नंतर तूप, तेल, दही, मध यांवरच यज्ञ केला. हे ऐकून कूटदन्त सगळी जनावरे सोडून देतो. जनावरांवरची दया इथे माणसाच्या पोटापाण्याची व्यवस्था लावूनच येते, आणि मला हेच या सुत्ताचे मोठेपण वाटते.

बौद्ध भिक्षूंच्या संघात ती दया रोजच्या शिस्तीत उतरली. भिक्षू पाणी गाळून पीत. पावसाळ्यात हिंडताना कोवळे अंकुर, बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली तेव्हा वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा, नियम झाला. मांसावर सरसकट बंदी मात्र बुद्धांनी घातली नाही. संघातल्याच देवदत्त या भिक्षूची तशी मागणी त्यांनी नाकारली. आपल्यासाठी मारलेल्या प्राण्याचे मांस भिक्षूने घेऊ नये, असे बंधन मात्र होते.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाने हा विचार राज्यकारभारात आणला. पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. अजून उरलेली हिंसा एका सम्राटाने दगडावर जाहीर कबूल करावी, याचे मोल फार आहे. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, विहिरी, सावलीची झाडे येतात. आठव्यात शिकारीच्या सहली बंद होऊन धर्मयात्रा सुरू झाल्याचे सांगितले आहे. याच आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात सापडला.

राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, वटवाघळे, साळिंदर यांना अभय आहे. गाभण वा पाजत्या शेळ्या-मेंढ्या मारू नयेत, जिवंत किडे असलेला भुसा जाळू नये, विनाकारण जंगल पेटवू नये, अशा आज्ञा त्यात आहेत. पुढच्याच वर्षीच्या सातव्या स्तंभलेखात अशोक लिहितो, की असे नियम त्याने पुष्कळ केले, पण जीवहत्या थांबली ती त्यांच्यापेक्षा लोकांचे मन वळवल्यानेच जास्त.