जॉन डिलेन यांचा राजकीय पत्रव्यवहार

लंडनच्या 'द टाइम्स' दैनिकाचे संपादक जॉन थॅडियस डिलेन (१८१७–१८७९) यांचा ब्रिटिश मंत्र्यांशी व मुत्सद्द्यांशी चाललेला खासगी पत्रव्यवहार. १८४१ मध्ये, चोविशी पुरी होण्याआधीच, ते संपादक झाले आणि १८७७ पर्यंत राहिले. स्वतः त्यांनी अग्रलेख क्वचितच लिहिले. रात्री प्रिंटिंग हाउस स्क्वेअरच्या कचेरीत यायचे, पहाटेपर्यंत मुद्रिते तपासायची आणि अग्रलेखकाला छोटीशी चिठ्ठी धाडून रोख सांगायचा, ही त्यांची रीत. त्या रोखामागे पुष्कळदा एखाद्या मंत्र्याचे पत्र असे, नाहीतर मेजवानीत कानावर आलेली गोष्ट.

व्यवहार सरळ होता: मंत्र्याने आतली बातमी द्यायची, वृत्तपत्राने त्याची बाजू निदान ऐकून घ्यायची. ४ डिसेंबर १८४५ रोजी 'टाइम्स'ने धान्य कायदे (परदेशी धान्यावर जकात बसवणारे कायदे) रद्द होणार असल्याचे छापले. एका लेखिकेने हे गुपित विकल्याची वदंता पुढे कित्येक वर्षे चघळली गेली. खबर दिली होती ती परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबरडीन यांनी. गंमत म्हणजे मंत्रिमंडळात तेव्हा एकमत झालेलेच नव्हते. कायदे रद्द झाले ते १८४६ मध्ये.

पामरस्टन यांच्यावर 'टाइम्स'ने एके काळी सडकून टीका केली होती. १८५५ मध्ये ते पंतप्रधान झाल्यावर मात्र दोघांचे सूत जुळले. त्यांनी डिलेन यांना युद्ध खात्यातले वरिष्ठ पदही देऊ केले. डिलेन यांनी ते नाकारले. खुर्ची सोडून फाईल धरण्यात त्यांना काय मिळणार होते?

तरीही त्यांना सरकारचे भाट म्हणणे अन्यायाचे ठरेल. रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल यांनी सैन्याच्या हालअपेष्टांबद्दल लिहिलेली खासगी पत्रे डिलेन यांनी मंत्र्यांना दाखवली, आणि छापील टीकाही चालू ठेवली. तोवर पंतप्रधान झालेल्या ॲबरडीन यांचे सरकार १८५५ च्या आरंभी कोसळले, त्यात या माऱ्याचा वाटा मोठा. हेच रसेल १८५८ मध्ये हिंदुस्थानात आले आणि उठावानंतर इंग्रजांनी उगवलेल्या सूडावर त्यांनी 'टाइम्स'मधूनच बोट ठेवले.

निवडक पत्रांसह डिलेन यांचे द्विखंडी चरित्र १९०८ मध्ये निघाले. लेखक आर्थर डेसंट हे त्यांचे भाचे, आणि मामाविषयीचा जिव्हाळा त्या चरित्रात लपत नाही.