पार्किंगखालची टाकी आली कुठून

आमच्या पुण्यातल्या ऑफिसात अमेरिकेतल्या दुकानं-गोदामांची ड्रेनेजची ड्रॉइंगं होतात. परवा नवीन लागलेला पोरगा विचारत होता, सर, पार्किंगखाली एवढी मोठी टाकी कशाला, पाणी वापरणारेत का? नाही रे बाबा, बहुतेक वेळा ते नुसतं थोपवून धरायचं असतं.

पूर्वी तिकडेही पाणी गोळा करा आणि लवकर ओढ्याला लावा एवढंच चालायचं. मग शेतं गेली, मॉल आले, सगळीकडे डांबर. एक एकर डांबरावर एक इंच पाऊस म्हणजे जवळपास १ लाख ३ हजार लिटर, मातीत फारसं मुरतच नाही, सगळं एकदम ओढ्यात, मग काठ खचणार आणि खालच्या वस्तीत पाणी शिरणार. म्हणून १९७०च्या दशकात साइटवरच तळं खोदून पाणी हळूहळू सोडायची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली.

क्लीन वॉटर अ‍ॅक्ट, म्हणजे तिकडचा पाणी-प्रदूषणाचा कायदा, १९७२चा, पण पावसाच्या पाण्याला नीट हात घातला १९८७च्या दुरुस्तीनं. १९९०च्या नियमात ५ एकर आणि वरच्या बांधकामांना पावसाचं पाणी बाहेर सोडायला परमिट लागलं, १९९९मध्ये ती मर्यादा १ एकरावर आली, शिवाय बांधून झाल्यावर साइटवरून वाहणाऱ्या पाण्याचे नियम करणं बऱ्याच लहान गावांवरही आलं. आता एक-दोन एकरात तळं खोदलं तर गाड्या लावायच्या कुठं? जागा महाग, म्हणून तळं गेलं जमिनीखाली. हुशारीपेक्षा जागेचा हिशोब जास्त, हे माझं मत.

सामान मात्र जुनंच. नालीदार पत्र्याच्या पाइपाचं पेटंट १८९६चं, रस्त्याखालच्या मोऱ्यांसाठी वापरायचे, तेच मोठे पाइप तोंडं बंद करून ओळीनं पुरले. नंतर प्लास्टिकचे चेंबर आले, पन्हळ उलटी घातल्यासारखे, ते मुळात सेप्टिक टँकचं पाणी मुरवायला वापरायचे. भोवती धुतलेली खडी, तिच्यात साधारण ४० टक्के पोकळी धरतो, धूळ राहिली की ती पोकळी भरलीच समजा. आणि बाहेर जायला फक्त काही इंचांचं भोक, सगळा खेळ त्याचाच.

मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता भागासाठी परळ-दादरला मैदानाखाली टाक्या केल्यात त्या याच जातीतल्या, पण त्या महापालिकेच्या आणि पंपावर चालणाऱ्या.

पोरगा म्हणाला, मग गाळ कोण काढतो? गाळ अडवायला चेंबरची एक ओळ कापडात गुंडाळून वेगळी ठेवलेली असते, मॅनहोलमधून जेट मारून ती धुवायची. तशी नोट ड्रॉइंगवर असते, वाचतं कोण देव जाणे.