रक्तदाब आणि मूत्रपिंडाची गफलत

रक्तदाब १२०/८० आला की आजार गेला असे समजून गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण विरळ नाहीत. उच्च रक्तदाबात बहुधा काहीच दुखत-खुपत नसल्याने हा समज सहज होतो. परंतु तो आकडा गोळीने खाली आणलेला असतो आणि दाब वाढवणारी यंत्रणा आत तशीच चालू असते. या यंत्रणेचा एक कळीचा भाग मूत्रपिंडात आहे.

१९३४ साली हॅरी गोल्डब्लाट या अमेरिकी संशोधकाने कुत्र्यांच्या मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या चिमट्याने थोड्या आवळल्या, तेव्हा त्यांचा सबंध शरीरातील रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. मूत्रपिंडाला कळतो तो फक्त स्वतःपर्यंत पोचलेला दाब. तो कमी भासला की ते रेनिन नावाचे विकर (एन्झाइम) रक्तात सोडते. रेनिन यकृतात बनलेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन-१ हा तुकडा तोडते, आणि मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असलेले एसीई हे दुसरे विकर त्याला आणखी कातरून अँजिओटेन्सिन-२ तयार करते. हे द्रव्य सूक्ष्म धमन्या आवळते, शिवाय अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाकरवी मीठ आणि पाणी शरीरात रोखून धरते.

धमनी किंचित आवळली तर एवढे काय बिघडते? प्वाझेयच्या नियमानुसार नळीतील प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तरी विरोध सुमारे दीडपट होतो आणि ती निम्मी झाली तर सोळापट. रक्त पाण्याइतके साधे द्रव नाही, तरी अंदाजाला हा नियम पुरतो.

हा वाढीव भार ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मेंदूतील आणि डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांना इजा पोचते. मूत्रपिंडातील सूक्ष्म धमन्याही जाड व अरुंद होतात, त्यामुळे तेथे रक्त कमी पोचते आणि काही रुग्णांत रेनिन आणखी स्रवते. सर्वच रुग्णांत ते वाढलेले नसते, म्हणून एकच औषध सर्वांना सारखे लागू पडत नाही.

रक्तदाब उतरवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या, मनगटावर बांधायच्या चुंबकीय पट्ट्या यातील नेमक्या कोणत्या टप्प्यावर काम करतात, हे त्या विकणाऱ्यांनी सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही. कॅप्टोप्रिलचे मात्र सांगता येते. ब्राझीलमधील जाराराका या सापाच्या विषातील पेप्टाइडांवरून, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण आखूड साखळ्यांवरून, सुचलेले आणि १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध एसीईला अडवते. ते विकर नष्ट करत नाही, काही तासांपुरती त्याची कात्री धरून ठेवते. औषधाचा अंमल ओसरला की कातरणे पुन्हा सुरू होते.