लेक डिस्ट्रिक्टचा सहा इंची नकाशा

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर, सरोवरे आणि खाणींच्या प्रदेशाचा, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने एकोणिसाव्या शतकात तयार केलेला स्थलनिर्देशक नकाशा. जमिनीवरचा एक मैल कागदावर सहा इंच (1:10,560), म्हणून हे नाव. आयर्लंडमध्ये रुळलेले हे प्रमाण 1840 पासून उत्तर इंग्लंडसाठी स्वीकारले गेले.

हा प्रदेश तेव्हा तीन काउंट्यांत विभागलेला होता. लँकाशरमधील कॉनिस्टनची मोजणी 1840 च्या दशकात झाली, तर कंबरलँड व वेस्टमरलँडची 1850 व 1860 च्या दशकांत. त्यामुळे शेजारशेजारच्या पानांवरही काळ वेगळा असतो.

कॉनिस्टनचे पान सर्वांत बोलके आहे. तेथील तांब्याच्या खाणी सोळाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन खाणकामगारांनी सुरू केल्या आणि नकाशा झाला तेव्हा त्या भरात होत्या. लेव्हर्स वॉटर या डोंगरातल्या तळ्याचे पाणी पाटांनी खाली आणून त्यावर पाणचाके फिरत. खाणीतले पाणी उपसणे आणि खनिज फोडणे ही कामे त्यांवरच चालत. रेल्वे 1859 मध्ये आली. त्याआधी खनिज होड्यांतून कॉनिस्टन सरोवराच्या दक्षिण टोकाला, तेथून गाड्यांनी ग्रीनऑड बंदरात जाई. म्हणजे तळे आणि सरोवर दोन्ही खाणीच्याच कामाला जुंपलेली होती, आणि ही सांगड या नकाशावर एका नजरेत दिसते. जमिनीखालचे बोगदे मात्र त्यात नाहीत. दिसतात ती त्यांची तोंडे.

कंबरलँडमधील थर्लमिअरच्या पानाचे मोल वेगळे आहे. तिथे मूळचे अरुंद सरोवर मध्ये इतके चिंचोळे होते की पुलावरून पलीकडे जाता येई. मँचेस्टरच्या पाणीपुरवठ्यासाठी धरण झाले, 1894 मध्ये पाणी शहरात पोहोचले आणि पुढे पातळी सुमारे 50 फूट चढली. बुडालेल्या काठाची बारकाईने केलेली मोजणी या नकाशात टिकली आहे.

मोजणीदार नावांच्या वह्याही ठेवत. कोणते नाव कसे लिहावे, हे कोणत्या स्थानिक जाणकाराने सांगितले, ते त्यांत असे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या साउथॅम्प्टनमधील कचेरीवर 1940 मध्ये बाँब पडले आणि बहुतेक इंग्लिश काउंट्यांच्या वह्या नष्ट झाल्या. कंबरलँड आणि वेस्टमरलँडच्या वाचल्या, लँकाशरच्या गेल्या. थर्लमिअरकाठच्या नावांचे साक्षीदार आजही सापडतात, कॉनिस्टनच्या खाणींचे नाहीत.