‘त्याला माहीत होतं का?’ : बंदूकमालकावरचा केंद्रीय खटला आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे

मार्च १९३९. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात अमेरिकी सरकार विरुद्ध मिलर हा खटला पुकारला गेला. सरकारचे वकील बोलायला उभे राहिले, समोरच्या बाजूला मात्र कुणीच नव्हतं. जॅक मिलर आणि फ्रँक लेटन यांच्यावर आरोप होता तो एका शॉटगनचा. नोंद न केलेली, १८ इंचांहून आखूड नळीची ती बंदूक त्यांनी ओक्लाहोमातल्या क्लेअरमोरहून शेजारच्या आर्कान्सॉ राज्यात नेली होती. फोर्ट स्मिथच्या न्यायाधीशांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर बोट ठेवून आरोपपत्र रद्द केलं, तेव्हा सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. आरोपींच्या वकिलाला अशिलांकडून पैसे मिळाले नव्हते. त्यानं तार केली : सरकारच्या लेखी म्हणण्यावरच निकाल द्यावा.

निकाल मे महिन्यात लागला, सरकारच्या बाजूनं. तो ऐकायला मिलर उरला नव्हता. एप्रिलमध्येच गोळ्या लागलेल्या अवस्थेत त्याचं प्रेत ओक्लाहोमात सापडलं होतं. हा माणूस बँकांवर दरोडे घालणाऱ्या टोळीतला. त्याच्यासाठी वर्गणी कोण काढणार? पण ज्या खटल्यात एकच बाजू बोलली, त्याचा निकाल पुढची ६९ वर्षं दुसऱ्या घटनादुरुस्तीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य शब्द होऊन राहिला. अमेरिकेत आज एखाद्या बंदूकमालकावर केंद्रीय खटला उभा राहिला की चार दिवसांत त्याच्यासाठी निधी सुरू होतो आणि संघटनांचे वकील धावतात. त्याच्या मुळाशी मला त्या दिवशीची ती रिकामी बाजू दिसते.

मिलरवर लावलेला कायदा तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. फेब्रुवारी १९२९ मध्ये शिकागोत थॉम्प्सन मशीनगननं सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं गेलं. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धानं देश हादरला होता. जून १९३४ मध्ये राष्ट्रीय बंदूक कायदा आला. गुन्हेगारीचा बंदोबस्त हे मुख्यतः राज्यांचं काम. केंद्राला तिथं सरळ हात घालता येत नव्हता, म्हणून कराची वाट काढली गेली. मशीनगन, आखूड नळीची रायफल किंवा शॉटगन, सायलेन्सर यांपैकी काहीही दुसऱ्याला द्यायचं तर २०० डॉलर कर भरायचा आणि सरकारदरबारी नोंद करायची. त्या काळी थॉम्प्सन बंदुकीची किंमतच साधारण तेवढी होती, म्हणजे कराच्या नावाखाली ही जवळजवळ बंदीच. मूळ विधेयकात पिस्तुलंही होती, ती विरोधामुळे वगळली गेली.

मराठी वाचकाला इथं थोडं थांबावं लागेल. आपल्याकडे बंदूक म्हटलं की शस्त्रपरवाना आला, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे खेटे आले. अमेरिकेत साधी रायफल बाळगायला केंद्राचा परवाना लागत नाही. मात्र त्याच रायफलीची नळी १६ इंचांच्या खाली गेली आणि नोंद नसली, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. कायदेशीर आणि बेकायदेशीर यांच्यात कधी अर्ध्या इंचाचं अंतर असतं, कधी आतल्या एखाद्या झिजलेल्या सुट्या भागाचं. म्हणूनच या खटल्यांत एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो : हातात काय आहे, हे त्याला माहीत होतं का?

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि बंदूक नियंत्रण कायदा आला. त्याची अंमलबजावणी ज्या खात्याकडे होती, तेच १९७२ पासून एटीएफ म्हणून ओळखलं जातं : दारू, तंबाखू आणि बंदुका यांचं केंद्रीय खातं. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९७१ मध्ये, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला केंद्रीय अधिकारी आणि स्थानिक पोलीस एका बंदूक-संग्राहकाच्या घराचं दार फोडून आत शिरले. दार फुटतंय म्हणून त्यानं हातात जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर घेतलं. डोक्यात गोळी लागून तो जन्माचा पंगू झाला. भरपाईच्या दाव्यात तो हरला. बंदूकमालकांच्या मनात मात्र ते प्रकरण कायमचं घर करून राहिलं.

संघटित पाठिंबा उभा राहिला तो याच दशकात. नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ ची, पण तिचा जीव नेमबाजीत आणि शिकारीत. १९७४ मध्ये सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन निघालं, पाठोपाठ कॅलिफोर्नियात गन ओनर्स ऑफ अमेरिका. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात रायफल असोसिएशनच्या सभासदांनी एका रात्रीत जुनं नेतृत्व खाली उतरवलं आणि हार्लन कार्टर यांच्या हाती कारभार दिला. पुढच्याच वर्षी खटल्यांसाठी वेगळा निधी सुरू झाला. मिलरच्या वकिलाला तार करावी लागली होती. आता निदान फी कुठून आणायची याला एक पत्ता मिळाला.

या पत्त्याचं मोल कळण्यासाठी अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांचा रिवाज माहीत हवा. तिथं १०० आरोपींपैकी सुमारे ९० जण गुन्हा कबूल करून मोकळे होतात. खटला चालवून निकालापर्यंत जाणारे जेमतेम दोन. सरकार कमी शिक्षेचा देकार देतं. लढलात आणि हरलात तर शिक्षा मोठी. वर गंभीर गुन्ह्याचा शिक्का बसला की बंदूक बाळगण्याचा हक्क गेला तो गेलाच. तो परत मागण्याचा रस्ता कायद्यात होता, पण १९९२ पासून संसदेनं एटीएफला अशा अर्जांवर पैसा खर्च करू दिला नाही. ज्याच्याजवळ पैसा नाही तो लढत नाही, आणि कुणी लढलंच नाही तर कायद्याचा अर्थ तपासला जात नाही. वर्गणी काढणाऱ्यांच्या बाजूनं मला सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा हाच आहे. बंदुकांबद्दल कुणाचं मत काहीही असो, तो टिकतो.

फेब्रुवारी १९८२ मध्ये सिनेटच्या एका उपसमितीनं अहवाल दिला. समितीपुढे आलेल्या साक्षींच्या आधारे त्यात म्हटलं होतं की एटीएफच्या बंदूकविषयक खटल्यांपैकी सुमारे ७५ टक्के खटले अशा सामान्य नागरिकांवर होते, ज्यांच्या मनात गुन्ह्याचा हेतू नव्हता आणि ज्यांना आपण गुन्हा करतोय हे माहीतही नव्हतं. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये असं मला वाटतं, कारण साक्षी मुख्यतः एकाच बाजूच्या होत्या. परिणाम मात्र खरा झाला. १९ मे १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी बंदूकमालक संरक्षण कायद्यावर सही केली. अनेक गुन्ह्यांत ‘जाणूनबुजून’ केल्याचं सिद्ध करणं बंधनकारक झालं, दुकानांच्या तपासण्यांवर मर्यादा आली, बंदुकांची केंद्रीय नोंदवही करायला मनाई झाली. त्याच कायद्यात शेवटच्या क्षणी न्यू जर्सीचे विल्यम ह्यूज यांची दुरुस्तीही शिरली : त्या तारखेनंतरची नवी मशीनगन सामान्य नागरिकाला कधीच मिळणार नाही.

मग रुबी रिज. या प्रकरणावर जास्त बोलायला हवं, कारण पाठिंबा देताना कुठं सावध राहावं हेही त्यातच दिसतं. रँडी वीव्हर हा आयडाहो राज्याच्या उत्तरेला, रुबी रिज या डोंगरात कुटुंबासह राहणारा माजी सैनिक. वंशद्वेष्ट्या ‘आर्यन नेशन्स’च्या मेळाव्यांना तो जात असे. ही गोष्ट झाकून त्याची कथा सांगणारे त्याचा खटला नव्हे, आपला प्रचार सांगतात. १९८९ मध्ये त्यानं दोन शॉटगनच्या नळ्या कापून त्या एका माणसाला विकल्या. तो एटीएफचा खबऱ्या निघाला. वीव्हरनंही खबऱ्या व्हावं असं खात्यानं सुचवलं. त्यानं नकार दिला आणि डिसेंबर १९९० मध्ये आरोपपत्र आलं. कोर्टात हजर राहायची तारीख फेब्रुवारीची होती, पण त्याला गेलेल्या पत्रात २० मार्च लिहिलं गेलं. तो फेब्रुवारीत आला नाही, आणि पत्रातली तारीख उजाडण्याआधीच, १४ मार्चला, गैरहजेरीचं नवं आरोपपत्र दाखल झालं.

पुढं तो डोंगरावरून खाली उतरलाच नाही. २१ ऑगस्ट १९९२ रोजी घराजवळ झालेल्या चकमकीत त्याचा १४ वर्षांचा मुलगा सॅमी आणि केंद्रीय मार्शल विल्यम डेगन मारले गेले. दुसऱ्या दिवशी एफबीआयच्या नेमबाजाची गोळी दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, व्हिकीला लागली. तिच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. खाली नाक्यावर शेजारीपाजारी जमले होते, वंशवादी गटांचे लोकही. ३१ ऑगस्टला वीव्हर शरण आला. वकील गेरी स्पेन्स यांनी खटला लढवला आणि जुलै १९९३ मध्ये ज्युरीनं त्याला खुनाच्या आणि बंदुकांच्याही आरोपातून सोडलं. दोषी ठरला तो तारखेला न आल्याबद्दल आणि जामिनाची अट मोडल्याबद्दल. १९९५ मध्ये सरकारनं कुटुंबाला ३१ लाख डॉलर दिले.

दोन कापलेल्या नळ्या आणि एक चुकीची तारीख. तीन जीव गेले. वीव्हरची मतं मला घृणास्पद वाटतात, आणि तरीही त्याला वकील मिळाला, ज्युरीसमोर दोन्ही बाजू आल्या, सिनेटनं सुनावणी घेतली, हे व्हायलाच हवं होतं. जो आवडतो त्याच्याच पाठीशी उभं राहायचं असेल, तर मिलरसारख्याची बाजू नेहमी रिकामीच राहील.

वर्षभरातच ‘माहीत होतं का’ या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयानं उत्तर दिलं. ओक्लाहोमातल्या स्टेपल्स नावाच्या माणसाच्या एआर-१५ रायफलीत लष्करी एम-१६ चे भाग सापडले होते आणि ती एका चापात सलग गोळ्या झाडत होती, म्हणजे कायद्याच्या लेखी ती मशीनगनच. ‘माझ्या हातात ती कधी तशी चालली नाही’, असं त्याचं म्हणणं. मे १९९४ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणालं की बंदुकीचा तो गुण आरोपीला ठाऊक होता हे सरकारनं सिद्ध केलंच पाहिजे. निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला.

तत्त्व ठरलं तरी पुरावा कसा तोलायचा हे उरतंच. विस्कॉन्सिनमधल्या बर्लिन गावात २००६ मध्ये एका बंदूकमालकानं आपली एआर-१५ ओळखीच्या माणसाला उसनी दिली. नेमबाजीच्या मैदानावर तिनं एका चापात तीन-चार गोळ्या झाडल्या आणि ती अडकली. मशीनगन दुसऱ्याला दिल्याचा खटला झाला आणि ३० महिन्यांची शिक्षा. गन ओनर्स ऑफ अमेरिका त्याच्या मागे उभी राहिली. ‘बंदूक बिघडली म्हणून तुरुंग’ ही हाक देशभर गेली. या हाकेत तथ्य होतं. पहिल्या सरकारी चाचणीत बंदूक सलग चालली नव्हती. दुसऱ्यांदा मऊ टोपीच्या बाजारी गोळ्या वापरल्या, तेव्हा चालली. सरकारी तज्ज्ञाची साक्ष चालू असताना बचावाच्या तज्ज्ञाला कोर्टात बसूही दिलं गेलं नाही. पण हाकेत जे नव्हतं तेही निकालपत्रात आहे. आत एम-१६ चे भाग होते, आणि गोळीबाराची पद्धत बदलणाऱ्या खटक्याच्या तिसऱ्या खाचेवर काय होतं हे मालकानं आपल्याला सांगितलं होतं, अशी उसनी घेणाऱ्याची साक्ष होती. अपील २००९ मध्ये फेटाळलं गेलं. पाठिंबा मागणाऱ्यांनी ही साक्षही लोकांपुढे ठेवायला हवी होती. वर्गणी देणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

कॅन्ससची गोष्ट मला याहून जास्त लागते. २०१३ मध्ये त्या राज्यानं कायदा केला : कॅन्ससमध्ये बनलेल्या आणि कॅन्ससमध्येच राहणाऱ्या बंदुका व त्यांचं सामान यांना केंद्राचे नियम लागू नाहीत. त्यावर विसंबून शानूट गावातल्या एका दुकानदारानं सायलेन्सर बनवून विकले. एक माजी सैनिक त्याचा गिऱ्हाईक. २०१६ मध्ये दोघंही केंद्रीय न्यायालयात दोषी ठरले. राज्याच्या शब्दावर ते विसंबले हे ध्यानात घेऊन न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडलं, पण गंभीर गुन्ह्याचा शिक्का बसलाच. ‘कायदा वेगळा समजलो’ हा बचाव चालत नाही, आणि केंद्रीय कायदा कराच्या अधिकारावर उभा असल्यानं राज्य तो अडवू शकत नाही. आठ राज्यांच्या महाधिवक्त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला हे प्रकरण ऐकण्याची विनंती केली. जून २०१९ मध्ये न्यायालयानं नकार दिला. विधानसभेत हात वर करणाऱ्यांना काहीच झालं नाही. शिक्षा भोगली ती त्यांच्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी.

त्याच महिन्यात आलेला एक निकाल आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. फ्लोरिडात शिकायला आलेल्या रेहैफ या परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठानं काढून टाकलं, व्हिसाचा आधार गेला, तो तिथंच राहिला आणि नेमबाजीच्या मैदानावर जाऊन बंदूक चालवून आला. एवढ्यावर केंद्रीय खटला झाला. न्यायालयानं म्हटलं की आपण बंदूक बाळगायला अपात्र वर्गात मोडतो हे त्याला माहीत होतं, हेही सरकारनं सिद्ध करावं. विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावर टेक्सासला गेलेली पुण्या-नागपूरची मुलं सुट्टीत मित्रांबरोबर मैदानावर जातात, भाड्याची बंदूक हातात घेऊन फोटो घरी पाठवतात. व्हिसा कायदेशीर असला तरी अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना किंवा तसा एखादा अपवाद नसेल तर, हातात बंदूक घेणं हाच केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. त्यांच्यासाठी वर्गणी काढायला कुठलीही संघटना बसलेली नाही.

१९३४ चा तो २०० डॉलरचा कर नव्वद वर्षं जसाच्या तसा होता. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानं तो सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांसाठी १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. नोंदणी तशीच राहिली, शिक्षाही. करच नाही तर कराच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी कशी टिकते, असं विचारत संघटना लगेच न्यायालयात गेल्या. असे प्रश्न विचारायला १९३९ मध्ये कुणी उभं नव्हतं. दरम्यान शून्य डॉलरच्या करासाठी नोंद न केलेला सायलेन्सर ज्याच्या घरात सापडेल, त्याच्यासमोर दहा वर्षांपर्यंतचा तुरुंग आजही आहे.